नोंदींचे राखणदार : डेटाबेस प्रशासकाचे काम आणि कौशल्य

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका विद्यार्थ्याचे नाव नोंदले गेले : भिवा रामजी आंबेडकर. नोंदीचा क्रमांक १९१४. याच तारखेच्या आधारे महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्यास सुरुवात केली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाची तारीख आज आपण निःशंकपणे सांगू शकतो. त्या दिवशी एका कर्मचाऱ्याने नोंद व्यवस्थित केली आणि पुढच्या पिढ्यांनी ते रजिस्टर वाळवी, पाणी व निष्काळजीपणा यांपासून जपले, म्हणून हे शक्य झाले.

आज बहुतेक नोंदी कागदावरून संगणकात गेल्या आहेत. त्या जपणाऱ्या माणसाला ‘डेटाबेस प्रशासक’ म्हणतात. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आणि त्यांची मुले पुणे, मुंबई, नागपूर येथील संगणक क्षेत्रात नोकरी करतात; परंतु ती तेथे नेमके काय करतात, हे घरच्यांना बहुधा समजलेले नसते. त्या कामाची, त्यातील कौशल्यांची व रोजच्या काळज्यांची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

डेटाबेस म्हणजे काय?

ज्याने सातबारा पाहिला आहे, त्याला डेटाबेसची मूळ कल्पना आधीच ठाऊक आहे. गाव नमुना ७ मध्ये जमिनीचा गट क्रमांक आणि भोगवटादाराचे नाव असते. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. नमुना ८अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दिसतात. एखाद्या शेतकऱ्याची जमीन तीन गटांत असेल तर त्याचे सातबारे तीन, पण आठ-अ एकच. या निरनिराळ्या नमुन्यांना जोडणारा धागा म्हणजे खाते क्रमांक आणि गट क्रमांक.

संगणकातील डेटाबेसही असाच तक्त्यांचा बनलेला असतो. एका तक्त्यात विद्यार्थी, दुसऱ्यात इयत्ता, तिसऱ्यात शिष्यवृत्ती, आणि त्यांना जोडणारे क्रमांक. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी या पद्धतीला गणिती पाया दिला. पुढे त्याच कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच आज ‘एसक्यूएल’ म्हणून ओळखली जाते. पन्नास वर्षे उलटली तरी बँक, रेल्वे, रुग्णालय आणि शाळा यांचा कारभार मुख्यतः याच भाषेवर चालतो.

नाव एक, गावे अनेक

डेटाबेस प्रशासकाचा पहिला धडा असा की, नाव ही ओळख होऊ शकत नाही. आपल्याच गावाचे उदाहरण घ्यावे. नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजी, नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यात वडनेर भैरव, अमरावती जिल्ह्यात वडनेर गंगाई, तर वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात नुसते वडनेर. एखाद्या यादीत कोणी केवळ ‘वडनेर’ लिहिले, तर विद्यार्थी कोणत्या जिल्ह्याचा हे संगणक सांगू शकणार नाही. म्हणून प्रत्येक गावाला, प्रत्येक विद्यार्थ्याला आणि प्रत्येक शाळेला स्वतंत्र क्रमांक दिला जातो. शाळेचा यू-डायस क्रमांक किंवा व्यक्तीचा आधार क्रमांक ही त्याचीच उदाहरणे होत. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकीचा टंकला गेला, तर ती चूक तत्काळ पकडता येते.

माणसांच्या नावांतही हीच अडचण असते. विदर्भात ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ ही दोन्ही आडनावे प्रचलित आहेत. एकाच घरातील दोन भावांच्या दाखल्यांवर ती वेगवेगळी आढळतात. मराठीची एक आणखी सूक्ष्म अडचण आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसत असला, तरी संगणकाच्या आत त्यातील अर्धा ‘र’ दोन निरनिराळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द! परिणामी शोध घेतला असता निम्म्या नोंदी सापडतच नाहीत. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या तर दुसऱ्या संगणकावर उघडल्या की निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि एका शब्दाची साठवण एकाच रीतीने होईल असे पाहणे, हे मराठी माहिती सांभाळणाऱ्याचे रोजचे काम आहे.

फेरफार आणि व्यवहार

जमिनीची खरेदी झाली म्हणून सातबाऱ्यावरील नाव त्याच क्षणी बदलत नाही. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. हरकत योग्य ठरली, तर नोंद रद्द होते व सातबारा होता तसाच राहतो.

डेटाबेसमधील ‘व्यवहार’ याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की तो पंधरा दिवसांऐवजी क्षणार्धात पूर्ण होतो. समजा, वसतिगृहाच्या खात्यातून किराणा दुकानदाराच्या खात्यात दहा हजार रुपये जायचे आहेत. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर? चांगला डेटाबेस असा अर्धवट व्यवहार मान्य करीत नाही. एकतर दोन्ही गोष्टी होतील, नाहीतर एकही होणार नाही. प्रत्येक बदल प्रथम एका नोंदवहीत लिहिला जातो. वीज परत आल्यावर डेटाबेस ती नोंदवही वाचून अपुरे व्यवहार रद्द करतो आणि पुरे झालेले कायम करतो.

दोन माणसे एकाच वेळी एकच वस्तू मागतात, तेव्हाही हीच शिस्त कामास येते. तत्काळ तिकिटाच्या वेळी एक जण नांदुऱ्यातून आणि दुसरा मलकापुरातून शेवटचा बर्थ मागत असेल, तर डेटाबेस ती नोंद एकासाठी क्षणभर कुलूपबंद करतो व दुसऱ्याला थांबवतो. हे कुलूप हवे तेवढाच वेळ राहावे, याची काळजी प्रशासकाला असते. कोणी कुलूप लावून विसरला की मागे रांग लागते आणि ‘सर्व्हर डाऊन’ अशी ओरड सुरू होते. अशा वेळी रांगेच्या तोंडाशी कोण अडकला आहे हे शोधून त्याला मोकळे करणे, हे फार उपयोगाचे कौशल्य आहे.

शोधण्याचा वेग

बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच वेळी आपला बैठक क्रमांक टाकतात. प्रत्येकासाठी यादी पहिल्या ओळीपासून वाचायची म्हटले, तर संध्याकाळपर्यंत निकाल दिसणार नाही. त्यासाठी ‘इंडेक्स’ असतो. तो शब्दकोशासारखा क्रमाने लावलेला असतो. क्रमवार यादी मधोमध उघडून नको असलेला अर्धा भाग दर वेळी बाजूला सारला, तर एक लाख नोंदींतून हवी ती नोंद फार तर १७ पायऱ्यांत सापडते. नोंदी दहापट वाढून दहा लाख झाल्या, तरी पायऱ्या केवळ २० होतात.

मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स का करू नये? कारण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर प्रत्येक इंडेक्सही दुरुस्त करावा लागतो. शोधणे जलद होते, तसे लिहिणे मंदावते. कोणता प्रश्न वारंवार विचारला जातो हे पाहून, जरूर तेवढेच इंडेक्स ठेवण्याचा विवेक अनुभवाने येतो.

प्रती जपण्याची परंपरा

डेटाबेस प्रशासकाला सर्वांत मोठी काळजी कशाची, असे विचारले तर उत्तर एकच : बॅकअप. ही काळजी आपल्या परंपरेला नवी नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत उपालींनी विनय आणि आनंदांनी सुत्ते सांगितली व संघाने ती सामूहिक पठणाने निश्चित केली. पुढे शतकानुशतके दीघभाणक, मज्झिमभाणक अशा गटांनी तिपिटकाचे निरनिराळे भाग मुखोद्गत ठेवले. एकाचे चुकले तर सोबतचे दुरुस्त करीत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत युद्ध व दुष्काळाने पाठांतर करणारे भिक्खूच उरणार नाहीत अशी भीती निर्माण झाली, तेव्हा आलुविहार येथे तिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले. नालंदेचा विध्वंस झाला, परंतु अनेक ग्रंथ तिबेटी व चिनी अनुवादांच्या रूपाने दूरच्या देशांत शिल्लक होते. धर्मकीर्तींच्या ‘प्रमाणवार्तिका’ची मूळ संस्कृत प्रत राहुल सांकृत्यायन यांना विसाव्या शतकात तिबेटात मिळाली. दूर ठेवलेली प्रत काय करू शकते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

संगणक क्षेत्रात यासाठी एक साधा नियम आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागून अनेक विभागांची कागदपत्रे जळाली. त्यानंतर इतर कार्यालयांतील प्रतींवरून नस्तींची पुनर्बांधणी करावी लागली. ज्या कागदाची दुसरीकडे प्रत होती, तोच परत उभा राहू शकला.

परंतु बॅकअप घेणे म्हणजे काम संपले असे नाही. गिटलॅब या नामांकित कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर आहोत असे समजून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरली. बॅकअप शोधू गेले, तेव्हा नियमित बॅकअप बरेच दिवस तयारच होत नव्हता आणि तशी सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते, असे उघड झाले. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली व उरलेले वाचले. कंपनीने हा सारा वृत्तांत लपवून न ठेवता जगासमोर मांडला, म्हणून इतरांनाही शिकता आले. त्यातील बोध असा की, परत उभारून पाहिला नाही तो बॅकअप विश्वासाचा धरू नये. जाणता प्रशासक ठरावीक काळाने वेगळ्या संगणकावर संपूर्ण डेटाबेस पुन्हा उभा करतो, त्यातील नोंदी मोजतो आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवतो.

दुसरा गैरसमज असा की, दोन सर्व्हरवर एकाच वेळी माहिती जात असेल तर बॅकअपची गरज नाही. दुसरा सर्व्हर हा आरसा आहे. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून यादी पुसली, तर आरशातही ती तत्क्षणी पुसली जाते. त्यासाठी रविवारी रात्रीची पूर्ण प्रत आणि त्यानंतरच्या प्रत्येक बदलाची नोंदवही स्वतंत्र जपावी लागते. मग बुधवारी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी घोटाळा झाला, तरी ३ वाजून ९ मिनिटांपर्यंतची स्थिती परत आणता येते.

हाताची शिस्त

या कामात एक छोटी आज्ञा लाखो नोंदी बदलू शकते. ‘अमुक विद्यार्थ्याची इयत्ता बदला’ असे सांगताना ‘अमुक’ ही अट लिहायची राहिली, तर सर्व विद्यार्थी एकाच इयत्तेत जातात! म्हणून अनुभवी माणूस काही नियम कटाक्षाने पाळतो. बदल करण्यापूर्वी तीच अट वापरून आधी केवळ नोंदी पाहाव्यात व मोजाव्यात. बदल व्यवहाराच्या आत करावा. बदललेल्या नोंदींची संख्या अपेक्षेइतकी असेल तरच तो कायम करावा. अन्यथा मागे घ्यावा. मुख्य व चाचणीच्या सर्व्हरच्या पडद्यांना निरनिराळे रंग द्यावेत. मोठा बदल एकट्याने, घाईत किंवा थकलेल्या अवस्थेत करू नये. केलेले प्रत्येक काम तारीख-वेळेसह लिहून ठेवावे.

बाकी दिवस साध्या कामांत जातो. रात्रीचा बॅकअप झाला का, डिस्क किती भरली, कोणता प्रश्न काल दोन सेकंदांत सुटत होता व आज वीस सेकंद घेतो आहे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते बंद झाले का, सुरक्षेच्या नव्या सुधारणा कधी बसवायच्या, हे रोज पाहायचे. डिस्क भरणे ही वरवर क्षुल्लक बाब. पण जागा संपली की डेटाबेस नवी नोंद घेण्याचे थांबवतो आणि सारा कारभार ठप्प होतो. मोठे बदल लोक झोपेत असताना करावे लागतात, म्हणून रात्रपाळी चुकत नाही. काम उत्तम झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तथागतांनी अखेरपर्यंत ज्या ‘अप्पमादा’चा, म्हणजे सतत जागरूक राहण्याचा, उपदेश केला, तो या व्यवसायाचा आधार आहे असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पाहण्याचा अधिकार

डेटाबेस प्रशासकाला जवळजवळ सर्व काही दिसू शकते : पगार, आजार, गुण, पत्ते, दूरध्वनी क्रमांक. ओळखीचे लोक ‘जरा पाहून सांग’ असे म्हणतात, तेव्हा खरी कसोटी लागते. पंचशीलातील दुसरे शील न दिलेली वस्तू घेण्यापासून परावृत्त होण्याचे आहे. दुसऱ्याची माहिती हीसुद्धा अशीच, आपल्याला न दिलेली वस्तू आहे. ज्याच्या कामाला जेवढे आवश्यक, तेवढाच अधिकार त्याला द्यावा आणि कोणी काय पाहिले याची नोंद राहावी, असा या क्षेत्राचा दंडक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. निवासी शाळेने हे विशेष ध्यानात ठेवावे.

एका रकान्याचे मोल

आपल्या समाजाच्या दृष्टीने नोंदींचा प्रश्न किती गंभीर आहे, हे जात पडताळणीच्या वेळी कळते. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांच्या नोंदींत ‘बौद्ध’ असे लिहिले गेले. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यामुळे एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांच्या नोंदींत तीन प्रकारची भाषा आढळते.

आता ही माहिती संगणकात जाताना काय घडू शकते ते पाहा. एका लिपिकाने ‘नवबौद्ध’ लिहिले, दुसऱ्याने ‘नव बौद्ध’, तिसऱ्याने ‘बौद्ध’, चौथ्याने ‘बुद्धिस्ट’. शिष्यवृत्तीसाठी ‘नवबौद्ध’ असा शोध घेतला की उरलेल्या तिन्ही प्रकारची मुले यादीतून वगळली जातात. कोणाच्याही मनात अन्याय करण्याचा हेतू नसताना, एका मोकळ्या जागेमुळे मुलाचे वर्ष अडचणीत येऊ शकते. जाणता प्रशासक धर्म आणि जात यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवतो, ठरलेल्या यादीतूनच निवड करू देतो, आणि रजिस्टरातील मूळ शब्द मात्र वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा जपतो. मूळ नोंद स्वतःच्या मर्जीने ‘सुधारण्याचा’ अधिकार त्याला नाही. शाळेच्या रजिस्टरातही शिक्षण विभागाच्या मान्यतेशिवाय असा बदल करता येत नाही. जुने पुसू नये, नवे शेजारी लिहावे व बदलाचे कारण नोंदवावे, हा नियम कागदावर होता आणि संगणकातही तोच आहे.

शाळेने, पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय करावे?

शाळेने जुन्या रजिस्टरांची पाने स्कॅन करून त्यांच्या तीन प्रती ठेवाव्यात व एक प्रत इमारतीबाहेर असावी. प्रत्येक सत्रात एकदा ती प्रत उघडून पाहावी. जबाबदारी एका व्यक्तीच्या नावे असावी आणि तिच्या अनुपस्थितीत काम सांभाळणारी दुसरी व्यक्ती तयार असावी.

पालकांनी जन्मदाखला, आधार, शाळेचे रजिस्टर आणि जातीचा दाखला यांवरील नाव व जन्मतारीख मराठीत तसेच इंग्रजीत जुळते की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच पाहावे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी ही तपासणी पुन्हा करावी. त्यानंतरच्या दुरुस्त्या फार कष्टाच्या असतात.

ज्या विद्यार्थ्यांना हे क्षेत्र खुणावते, त्यांच्यासाठी वाट खर्चिक नाही. पोस्टग्रेएसक्यूएल हा पूर्ण क्षमतेचा डेटाबेस विनामूल्य मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. त्यावर आपल्या वर्गाची, ग्रंथालयाची किंवा वसतिगृहाच्या कोठाराची नोंद ठेवून पाहावी. एसक्यूएल शिकावी, लिनक्सची ओळख करून घ्यावी, बॅकअप घेऊन तो मुद्दाम पुसलेल्या संगणकावर परत उभारावा. पदवी बीसीएची असो वा विज्ञानाची, मुलाखतीत हा सराव कामी येतो. इंग्रजी कच्चे असल्याचा संकोच बाळगू नये. या भाषेतील आज्ञा मोजक्या आहेत आणि रोजच्या सरावाने त्या आत्मसात होतात.

ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांची नावे कोणत्याही वहीत लिहिली गेली नाहीत, त्या समाजातील मुले आज इतरांच्या नोंदींची राखण करीत आहेत. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक ओळीमागे एखाद्याची जमीन, एखाद्याचे वेतन, एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती असते. ही जाणीव ठेवून काम करणारे प्रशासक आपल्या शाळेतून घडावेत, हीच या स्मरणिकेच्या निमित्ताने मंगल कामना.